सूर्य मधात नाही: कक्षांचा आकार घरच्या घरी तपासायची रीत

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास सांगतं, "सध्या पृथ्वी सूर्याच्या जवळ आली आहे ना, म्हणून एवढं तापतंय." सांगणारा चांगला शिकलेला असतो. त्याच्या डोक्यात शाळेच्या पुस्तकातली आकृती पक्की बसलेली असते: लांबट, दोन्ही बाजूंनी ओढलेली कक्षा आणि तिच्यात एका कडेला सूर्य. ती आकृती खोटी नाही, पण ती तिरक्या नजरेनं काढलेली असते. जेवणाचं गोल ताट बाजूनं पाहिलं की लांबट दिसतं, तसंच. हे कोणी सांगत नाही आणि मूल आयुष्यभर अंड्याच्या आकाराची कक्षा डोक्यात घेऊन फिरतं.

खरी गोष्ट उलटी आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सगळ्यात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे आपण नवतपात भाजून निघत असतो तेव्हा पृथ्वी सूर्यापासून दूर चाललेली असते. ऊन तापतं ते पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यानंतर पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा पाऊस.

मग कक्षा लंबवर्तुळाकार आहे याचा आपल्याला पत्ता कुठे लागतो? लागतो, आणि त्याला दुर्बीण लागत नाही. खालच्या पायऱ्या क्रमानं करा. पहिली एका बैठकीत होते, चंद्राच्या पायरीला दोन आठवडे धीर धरावा लागेल.

पहिली पायरी: दोरा आणि टाचण्या

एक ड्रॉइंग शीट, खोक्याचा जाड पुठ्ठा, तीन टाचण्या आणि दोरा घ्या. शिवणाचा पॉलिस्टरचा दोरा ताणला जातो, त्यानं आकृती बिघडते. संक्रांतीची उरलेली साधी सुती सद्दी असेल तर उत्तम. (नायलॉन मांजा यासाठीही नको. त्यावर बंदी आहेच, शिवाय बोट कापेल.)

कागदावर मधोमध एक बिंदू घ्या. त्यातून आडवी रेघ काढा आणि रेघेवर मध्यापासून दोन्हीकडे १० सेंटीमीटरवर खुणा करा. ही कक्षेची लांब बाजू, एकूण २० सेंटीमीटर. आता दोन टाचण्या मध्यापासून सारख्या अंतरावर, रेघेवरच टोचायच्या. या झाल्या दोन नाभी. एका नाभीवर सूर्य असतो, दुसरीवर काहीच नसतं. दुसऱ्या नाभीवर काय आहे हे मुलं दर वेळी विचारतात. तिथे खरोखर काही नसतं, ती फक्त भूमितीची जागा.

नाभी मध्यापासून किती सरकली, भागिले लांब बाजूचा अर्धा, या आकड्याला विमध्यता म्हणतात. शून्य म्हणजे वर्तुळ. एकच्या जवळ म्हणजे काकडीसारखी लांबोडकी कक्षा. कक्षेचा आकार म्हणजे हाच एक आकडा, बाकी सगळं लहान-मोठं करण्याचं काम.

बुधापासून सुरुवात करा. त्याची विमध्यता ०.२०६, म्हणजे १० सेंटीमीटरला टाचणी मध्यापासून २.०६ सेंटीमीटरवर. दोन्हीकडे तशा टोचा. दोऱ्याचा फास करायचा आहे, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं, कारण लांबी मोजून गाठ मारली की गाठीत दोरा जातो आणि फास आखूड होतो. त्यापेक्षा तिसरी टाचणी उजवीकडच्या १० सेंटीमीटरच्या खुणेवर टोचा आणि डावी नाभी व ही टाचणी यांच्याभोवती दोरा ताठ ओढून जागेवरच गाठ मारा. मग तिसरी टाचणी काढून टाका. फास बरोबर मापाचा झालेला असतो, गणित करावं लागत नाही. आता फासात पेन्सिल अडकवून, दोरा सैल पडू न देता, पूर्ण फेरी मारा.

आकृती निघाली की पट्टी लावून रुंदी मोजा. लांबी २० सेंटीमीटर, रुंदी सुमारे १९.६. चारच मिलिमीटरचा फरक! आठही ग्रहांत बुधाची कक्षा सगळ्यात जास्त चपटी, आणि ती डोळ्यांना जवळपास गोल दिसते. पण सूर्याची टाचणी बघा: मध्यापासून दोन सेंटीमीटर बाजूला. आमच्याकडे हे करताना एका मुलानं आकृतीकडे बघत विचारलं होतं, "गोल तर गोलच आहे, मग सूर्य मधात काहून नाही?" प्रश्न नेमका आहे. चपटेपणा आणि सूर्याचं बाजूला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमध्यता लहान असली की चपटेपणा दिसेनासा होतो, पण सूर्य सरकलेला स्पष्ट दिसतो. नवख्यानं शोधायचं ते सूर्याचं सरकणं. चपटेपणाच्या मागे लागू नये.

मंगळ काढा: विमध्यता ०.०९३, टाचण्या मध्यापासून ९.३ मिलिमीटरवर. लांबी-रुंदीत फरक एक मिलिमीटरही येत नाही, पेन्सिलीच्या जाडीत जातो. याच मंगळानं केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाला वर्षानुवर्षं छळलं. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची निरीक्षणं त्याच्याकडे होती आणि वर्तुळांची मांडणी करून मंगळाची जागा काढली की ८ कलांचा फरक उरायचा. ८ कला म्हणजे आकाशातल्या पूर्ण चंद्राच्या रुंदीचा साधारण चौथा भाग, तोही दुर्बिणीशिवाय मोजलेला. दुसरा कोणी असता तर सोडून दिला असता. केप्लरनं ब्राहेच्या मोजमापावर विश्वास ठेवला आणि वर्तुळ सोडलं. १६०९ साली ग्रहांच्या चालीचे त्याचे पहिले दोन नियम छापून आले, तिसरा १६१९ मध्ये.

पृथ्वीसाठी दोऱ्याची खटपट करू नका. विमध्यता ०.०१६७, टाचण्या एकमेकींपासून तीन मिलिमीटरवर येतात आणि कागद फाटतो. कंपासनं १० सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सूर्य मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवा. झाली पृथ्वीची कक्षा. लंबवर्तुळ आणि वर्तुळ यांतला फरक इथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात आहे.

खरोखर लांबट काही काढायचं असेल तर हॅलेचा धूमकेतू. विमध्यता ०.९६७. नाभी मध्यापासून ९.६७ सेंटीमीटरवर, म्हणजे सूर्य टोकापासून जेमतेम तीन मिलिमीटर आत. रुंदी पाच सेंटीमीटर. सूर्याजवळून तो सेकंदाला ५४ किलोमीटरच्या वेगानं जातो आणि दूरच्या टोकाला एक किलोमीटरच्याही खाली रेंगाळतो. १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१ मध्ये.

दुसरी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर

मला सगळ्यात आवडणारी पायरी हीच आहे. पृथ्वीची कक्षा कागदावर गोल दिसते, पण ती गोल नसल्याचा पुरावा घरच्या पंचांगात छापलेला असतो.

केप्लरचा दुसरा नियम असा: सूर्यापासून ग्रहापर्यंत रेघ ओढली तर ती सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ व्यापते. साध्या भाषेत, ग्रह जवळ असताना पळतो, लांब असताना रमतगमत जातो. पृथ्वीचा वेग जानेवारीत सेकंदाला ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण पृथ्वी पळाली की आकाशात सूर्यही राशींमधून भराभर सरकल्यासारखा दिसतो. प्रत्येक रास ३० अंशांची. मग संक्रांतींच्या तारखा काढून मधले दिवस मोजायचे, बस्स.

कॅलेंडरात 'सूर्याचा मिथुन राशीत प्रवेश' अशा नोंदी असतात. मिथुन संक्रांत साधारण १५ जून, कर्क संक्रांत १६ जुलै: मध्ये ३१ दिवस. धनु संक्रांत १६ डिसेंबर, मकर संक्रांत १४ जानेवारी: मध्ये फक्त २९. तेवढेच तीस अंश, पण हिवाळ्यात सूर्य दोन दिवस आधी पार करतो. धनुर्मास छोटा असतो तो यामुळे. (राशी सायन की निरयन या वादात इथे पडू नका. आपल्याला सारखे तीस-तीस अंश हवे आहेत, सुरुवात कुठूनही चालेल.) आपल्या ज्योतिषाच्या सिद्धान्त ग्रंथांत हा फरक सूर्याच्या मंदोच्चाचा (तो सगळ्यात लांब असतो त्या जागेचा) हिशेब करून सांभाळला जायचा, केप्लरच्या कितीतरी आधीपासून. कारणाची मांडणी वेगळी होती, पण सूर्याची चाल सारखी नाही हे पक्कं माहीत होतं.

आता जरा मोठा हिशेब. मेष संक्रांत १४ एप्रिलपासून तूळ संक्रांत १७ ऑक्टोबरपर्यंत दिवस मोजा: १८६. तिथून पुन्हा मेष संक्रांतीपर्यंत: १७९. आकाशातला अर्धा-अर्धा फेरा, आणि फरक ७ दिवसांचा. या ७ ला ३.१४ ने गुणा आणि १४६१ ने (म्हणजे चार वर्षांच्या दिवसांनी) भागा. ०.०१५ येईल. ही पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता झाली, खरी ०.०१६७. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावरून एवढं जवळ जाता येतं. राहिलेली तूट मुख्यतः आपण पूर्ण दिवस मोजल्यामुळे आहे. पंचांगात संक्रांतीची तास-मिनिटं असतात, ती घेतली तर आणखी जवळ पोचाल. तुमच्या वर्षी एखादी तारीख एका दिवसानं इकडेतिकडे असेल, घाबरू नका.

काही जण काठीच्या सावलीनं हेच दाखवायला जातात. नागपुरात सूर्य माथ्यावर येण्याची घड्याळातली वेळ बदलते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला ११ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून २८ मिनिटांना. प्रयोग छान आहे, पण त्यात कक्षेचा आकार आणि आसाचा कल दोन्हींचा परिणाम एकत्र मिसळलेला असतो. पहिल्यांदा शिकणाऱ्यानं त्यात शिरू नये असं माझं मत.

तिसरी पायरी: चंद्राचे दोन फोटो

चंद्राची विमध्यता ०.०५५, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या तिप्पट. तो सरासरी ३,६३,३०० किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि ४,०५,५०० किलोमीटरपर्यंत लांब जातो. जवळची जागा उपभू, लांबची अपभू. एका उपभूपासून दुसऱ्या उपभूपर्यंत साडेसत्तावीस दिवस लागतात, म्हणून दोन आठवड्यांत फरक टिपता येतो.

मोबाइल तोच, झूम तेवढाच, शक्य तर स्टँडवर. तारखा खगोलाच्या कुठल्याही ॲपमध्ये मिळतात. पौर्णिमाच हवी असं नाही. कोर अर्धी असली तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे चंद्राचा पूर्ण व्यासच असतो. दोन्ही फोटो संगणकावर उघडून तो व्यास पट्टीनं मोजा. दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसायला हवा.

इथे एक गंमत. फुटाळा तलावाच्या काठावरून उगवता चंद्र भला मोठा वाटतो, तो डोळ्यांचा खेळ. प्रत्यक्षात डोक्यावर आलेला चंद्र क्षितिजावरच्यापेक्षा दीड-दोन टक्के मोठा भरतो, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या त्रिज्येएवढे त्याच्या जवळ असतो. म्हणून दोन्ही फोटो साधारण सारख्या उंचीवरच्या चंद्राचे घ्या. आणि हा प्रयोग नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. पावसाळ्यात ढगांनी दोन आठवड्यांचा हिशेब हमखास मोडतो.

चंद्राच्या कक्षेचा आकार ग्रहणातही दिसतो. २२ जुलै २००९ चं खग्रास सूर्यग्रहण सुरतेपासून पाटण्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेलं. तेव्हा चंद्र उपभूजवळ आणि पृथ्वी सूर्यापासून लांबच्या बाजूला होती. मोठा चंद्र, छोटा सूर्य. समुद्रावर खग्रास अवस्था ६ मिनिटं ३९ सेकंदांपर्यंत टिकली, या शतकात सर्वांत जास्त. सहाच महिन्यांनी, १५ जानेवारी २०१० ला, चंद्र अपभूजवळ आणि सूर्य जवळ. चंद्र सूर्याला झाकायला पुरला नाही आणि कन्याकुमारीकडे कंकणाकृती ग्रहण दिसलं. दोन लंबवर्तुळं, एकदा एका बाजूनं जुळलेली आणि एकदा उलट.

धीर असेल त्यांनी मंगळावरही लक्ष ठेवावं. साधारण सव्वीस महिन्यांनी पृथ्वी त्याला गाठते, पण कक्षेच्या कुठल्या बाजूला गाठते यावर अंतर ठरतं. जुलै २०१८ मध्ये ते पावणेसहा कोटी किलोमीटर होतं आणि मंगळ लालभडक दिसत होता. १९ फेब्रुवारी २०२७ च्या भेटीत ते दहा कोटींच्या वर असेल.

चौथी पायरी: बातमीतले दोन आकडे

नागपुरातल्या इतवारी किंवा महाल भागातल्या कुठल्याही उंच गच्चीवर चढा. सगळ्या डिश दक्षिणेकडे, जराशा पूर्वेला वळलेल्या दिसतील. ज्या उपग्रहांकडे त्या बघतात ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारतात, म्हणून आकाशात जागचे हलत नाहीत. त्यासाठी कक्षा जवळजवळ अचूक वर्तुळ लागते. ती थोडी जरी लांबट झाली तर उपग्रह कधी पुढे धावेल, कधी मागे पडेल आणि रोज पूर्व-पश्चिम हेलकावे खाईल. दूरसंवेदनाच्या उपग्रहांनाही गोल कक्षाच सोयीची, कारण उंची बदलली की चित्राचं प्रमाण बदलतं. अमरावती रोडवरच्या इस्रोच्या केंद्रात आणि व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारातल्या राज्य शासनाच्या केंद्रात अशाच चित्रांवर काम चालतं.

मुद्दाम लांबट ठेवलेली कक्षा बघायची तर चंद्रयान-३. १४ जुलै २०२३ ला प्रक्षेपण झालं तेव्हा बातमीत आलं होतं: सुमारे १७० × ३६,५०० किलोमीटर. असे दोन आकडे दिसले की बहुतेक वाचक पुढे जातात. थांबा, यांतून अख्खी कक्षा निघते.

हे आकडे जमिनीपासूनच्या उंचीचे असतात. नाभी मात्र पृथ्वीच्या मध्यात आहे, म्हणून दोन्हींत पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ मिळवा: ६,५४१ आणि ४२,८७१. वजाबाकी ३६,३३०, बेरीज ४९,४१२. वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे विमध्यता: ०.७३५. बेरजेचा अर्धा, २४,७०६ किलोमीटर, म्हणजे लांब बाजूचा अर्धा भाग.

फेरीला किती वेळ लागेल? केप्लरचा तिसरा नियम सांगतो की फेरीच्या वेळेचा वर्ग हा त्या अर्ध्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो. डिशवाला उपग्रह आपल्याकडे तुलनेला आहेच: पृथ्वीच्या मध्यापासून ४२,१६४ किलोमीटर, २३.९३ तास. २४,७०६ भागिले ४२,१६४ म्हणजे ०.५८६. याला याच्याच वर्गमुळानं गुणा, ०.४४९. त्याला २३.९३ ने गुणलं की पावणेअकरा तास. आता यान उपभूला असताना, म्हणजे सर्वांत वेगात असताना, इंजिन थोडा वेळ चालवलं की समोरचं टोक, अपभू, वर जातं. असं टप्प्याटप्प्यानं ओढत १ ऑगस्टला यान चंद्राकडे सोडलं आणि २३ ऑगस्टला ते उतरलं. दोऱ्याच्या भाषेत, प्रत्येक वेळी फास थोडा सैल केला आणि एक टाचणी लांब नेली.

एकच्या वरची विमध्यता असेल तर कक्षा बंदच होत नाही. २०१७ मध्ये दिसलेला ओमुआमुआ नावाचा पिंड असाच, विमध्यता १.२. दुसऱ्या ताऱ्याकडून आला, सूर्याला वळसा घातला आणि गेला. असा आकार बघायचा असेल तर गोल शेड असलेला दिवा भिंतीशी उभा ठेवा. भिंतीवर उजेडाची जी उघडी कमान पडते ती हीच.

ज्यांना मोठ्या घुमटाखाली ग्रहांची चाल बघायची आहे त्यांनी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रातल्या तारांगणात जावं, पण आधी घरी बुधाची आकृती काढून. मग खेळ बघताना नेमकं काय शोधायचं ते कळतं.

सरावाला एक उदाहरण देतो. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती पोचलं तेव्हाची कक्षा होती ४२१.७ × ७६,९९३.६ किलोमीटर. मंगळाची त्रिज्या ३,३९० घ्या आणि विमध्यता काढा. उत्तर ०.९१ च्या आसपास यायला हवं. ०.९९ आलं असेल तर त्रिज्या मिळवायची राहून गेली आहे.